आधी उत्तर देणारा डबा

सर्वज्ञ हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. अकरा वर्षांपूर्वी ग्रंथालयाच्या तळमजल्यावरची कॉम्प्युटरची खोली त्यांच्या ताब्यात आली आणि पहिल्याच महिन्यात ग्रंथपाल बाईंनी त्यांना हे नाव ठेवलं. प्रिंटर का अडकतो, लिफ्टला कुरकुर कसली, शिपायाच्या सुनेला मुलगा होणार की मुलगी, काहीही विचारा, यांचं उत्तर तयार. प्रश्न पुरता व्हायच्या आत तयार. वर्षभर त्यांना ते नाव कौतुकाचंच वाटलं. छाती पुढे काढून त्यांनी ते घरीही सांगितलं. बायको म्हणाली, "हुशार आहेत हो तुमच्या ग्रंथपाल बाई." तेही त्यांनी कौतुकातच जमा केलं. आता ही हकीकत ते स्वतःच चारचौघांत सांगतात, आणि सांगताना "त्या वेळचा मी" असं म्हणून स्वतःकडे असं बोट दाखवतात, जणू तो इसम शेजारच्या खुर्चीत बसलाय आणि त्याला ऐकू येत नाही.

त्या खोलीत चोवीस कॉम्प्युटर. एकाच्याही पोटात डिस्क नाही. सकाळी बटण दाबलं की यंत्र कोऱ्या डोक्यानं जागं होतं आणि वायरीतून विचारतं, मी कोण, माझा पत्ता काय, मला काम काय? शेजारच्या केबिनमधला सर्व्हर त्याला आधी पत्ता देतो, मग सुरू व्हायला लागणारी फाइल पाठवतो आणि यंत्र कामाला लागतं. संध्याकाळी बंद केलं की सगळं विसरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, मी कोण? ही माहिती सर्वज्ञ नव्या विद्यार्थ्यांना फार चवीनं सांगत. आणि शेवटी बोट वर करून म्हणत, "एक खोड आहे बरं का यांच्यात. उत्तर कोण देतंय ते ही यंत्रं बघत नाहीत. जो आधी बोलला तो खरा!" मुलं हसत. हेही हसत. हसताना आरसा समोर नव्हता, एवढंच.

शिवाय त्यांची एक दुरुस्तीची वही होती. जाड, निळ्या पुठ्ठ्याची. तारीख, यंत्राचा नंबर, बिघाड आणि शेवटी 'कारण'. ही वही ते कुणालाही हौसेनं दाखवत. अकरा वर्षांत त्या शेवटच्या रकान्यात वीज आली होती, उंदीर आले होते, 'वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा' तर पानोपानी होता. सफाईच्या मावशी सात वेळा आल्या होत्या. वही लिहिणारा इसम मात्र एकदाही आला नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण निदान नाचणारा अंगणाची नोंद तरी ठेवत नाही.

आता बायकोबद्दल. ती हॉस्पिटलात नर्स, चोवीस वर्षं. तिच्या हाताखाली शिकलेल्या मुली वॉर्डाच्या प्रमुख झाल्या आणि ती त्यांच्याच हाताखाली राहिली, कारण प्रमुख व्हायला खात्याची परीक्षा लागते, आणि ती तीन वर्षांपूर्वी तीन गुणांनी हुकली होती. कशी हुकली ते सांगायलाच हवं. आदल्या दिवशी तिनं विचारलं होतं, "अहो, उत्तर दिलं की प्रत्येक पानाला ते जतन करायचं बटण दाबावं लागतं का?"

वर्तमानपत्रातून मान वर न काढता हे म्हणाले, "काही गरज नाही. आपोआप होतं."

परीक्षेचा तो कार्यक्रम यांनी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. उचलली जीभ लावली टाळ्याला. पान उलटताना आधीची पानं जतन झाली, पण शेवटचं आपोआप काही झालं नाही, ते कोरं गेलं. घरी येऊन तिनं भांडण केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं, कारण भांडणाची उत्तरं यांच्याकडे तयार होती. तिनं फक्त साडी बदलली आणि ती रात्रपाळीला निघून गेली. त्या दिवसापासून तिनं यांना कॉम्प्युटरमधलं काहीही विचारणं बंद केलं. फोनमध्ये काही अडलं तर शेजारणीकडे जायची. जगाचा सर्वज्ञ, आणि घरची बाई शेजारी विचारायला जाते. ही गोष्ट मात्र ते चारचौघांत सांगत नसत.

यंदा परीक्षा पुन्हा आली. वयाची अट पन्नास, आणि चार महिन्यांनी तिला पन्नास पूर्ण होणार होती. म्हणजे ही शेवटची संधी. आणि केंद्र कुठलं, तर यांचीच खोली. आसन क्रमांक सतरा.

यांनी रीतसर लेखी कळवलं की उमेदवारांत आपली पत्नी आहे. वरून उत्तर आलं, हरकत नाही, यंत्रं सुरू करून द्या आणि परीक्षा सुरू झाली की खोलीबाहेर थांबा. मग तीन दिवस सर्वज्ञांच्या अंगात आलं. खुर्च्या पुसल्या, वायरींना नंबर चिकटवले, पडद्यांवरचे बोटांचे ठसे काढले. दारावर लाल अक्षरांत पाटी लावली: 'या खोलीच्या नेटवर्कला बाहेरचं कोणतंही उपकरण जोडू नये.' खाली स्वतःची सही, आणि सहीखाली दोन रेघा. आदल्या दिवशी चारलाच कुलूप लावून घरी गेले, कारण त्यांना धीर निघेना. बायको अभ्यास करत होती. तिला दोन सूचना द्याव्यात असं फार वाटलं. त्याऐवजी त्यांनी चहा ठेवला.

सकाळी पावणेनऊला त्यांनी बटणं दाबायला सुरुवात केली. एकोणीस यंत्रं सुरू झाली. पाच नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी आल्या, पत्ता मिळाला असं दिसलं, आणि पुढं फाइलची वाट बघत यंत्र तसंच उभं. त्या पाचांत सतरा नंबर होता. चोवीस यंत्रं, चोवीस उमेदवार, जादा एकही नाही.

सर्वज्ञांनी वायर बदलली. सतरा तसंच. ते यंत्र उचलून पाचाच्या जागी ठेवलं, तर सुरू! परत आणून जागेवर ठेवलं, तर बंद. केबिनमध्ये जाऊन सर्व्हर बंद करून चालू केला आणि सगळी यंत्रं पुन्हा लावली. आता नऊ नंबर सुरू झाला आणि इतका वेळ शहाण्यासारखा वागणारा तीन नंबर अडला. पुन्हा सर्व्हर बंद-चालू. तीन सुटला, बावीस अडला. दर खेपेला पाच-सहा अडत होते, कधी हे, कधी ते. सतरा मात्र प्रत्येक खेपेला त्यांत होताच. एखाद्या यंत्राचा बिघाड असता तर तो जागेवर राहिला असता. हा तर खोलीभर फिरत होता. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तरी तोंड चालूच होतं: "पत्ता मिळतोय ना? मग नेटवर्क ठणठणीत आहे." हे ते कुणाला सांगत होते कुणास ठाऊक. खोलीत त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं.

साडेनऊला पर्यवेक्षक बाई आल्या. उंच, शांत, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. त्यांनी पाच काळे पडदे बघितले आणि पिशवीतून एक फॉर्म काढला.

"यंत्रं सुरू न होण्याचं का—"

"सफाई," सर्वज्ञ म्हणाले. "पोछा मारताना वायरी हलतात. किती वेळा सांगितलंय."

बाईंनी लिहून घेतलं. दारात मावशी बादली घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "काल मी इथं आलेच नाही. तुम्हीच चार वाजता कुलूप लावून गेलात."

"मग परवा हलल्या असतील."

मावशींची हंगामी नोकरी, दर सहा महिन्यांनी नवा कागद. अशा माणसानं बोलायचं ते किती? बादली उचलून त्या जिन्याखाली जाऊन बसल्या.

उमेदवार येऊन बसले तशी सर्वज्ञांनी सगळी यंत्रं शेवटची एकदा बंद-चालू केली, पाच अडलीच. दहाला परीक्षा सुरू झाली. एकोणीस जण लिहायला लागले. पाच जण मांडीवर हात ठेवून काळ्या पडद्यापुढं बसले. आता सर्व्हरला हात लावायची सोय नव्हती, नाहीतर चालू असलेले एकोणीसही पडले असते. यांचं सगळ्यात मोठं औषध, बंद करून चालू करणं, तेच गेलं. बाईंनी हळू आवाजात नियम सांगितला: साडेदहापर्यंत यंत्र सुरू झालं नाही तर त्या उमेदवारांना परत पाठवायचं. दुसरी तारीख यंदा नाही.

पुढच्या वर्षी सतरा नंबरची उमेदवार पन्नाशीपलीकडे गेलेली असणार होती. हे खोलीत दोघांनाच माहीत होतं आणि दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

सर्वज्ञ टेबलाखाली शिरले, बाहेर आले, पुन्हा शिरले. डोकं आपटलं. नऊ नंबरपाशी गेले, चौदापाशी गेले. सगळीकडे तेच, पत्ता मिळाला, फाइल नाही. दहा वाजून अठरा मिनिटं झाली तेव्हा सतरा नंबरच्या बाईंनी हात वर केला.

"मॅडम, तंत्रज्ञ साहेबांना एक विचारू का?" तीन वर्षांत पहिल्यांदा ती यांना कॉम्प्युटरमधलं काही विचारत होती, आणि तेही परवानगी काढून.

"विचारा."

"मघाशी शेजारचं यंत्र सुरू होताना मी बघत होते. त्याचा पत्ता दहा या आकड्यानं सुरू झाला. माझ्या पडद्यावर एकशे ब्याण्णव आहे. चौदालाही एकशे ब्याण्णवच आहे. त्याचा काही—"

"त्याचा काही संबंध ना—"

आणि सर्वज्ञांची जीभ तिथंच अडली. जन्मात पहिल्यांदा. चोवीस वर्षं पेशंटच्या तक्त्यावरचे आकडे वाचणारी बाई दोन पडदे शेजारी ठेवून वाचत होती. आणि अकरा वर्षं हे काम करणारा माणूस 'पत्ता मिळाला' एवढं वाचून खूश होत होता. कोणता मिळाला, कुणी दिला, हे बघायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्यांचा सर्व्हर दहानं सुरू होणारेच पत्ते देतो. एकशे ब्याण्णव तो देतच नाही. मग या खोलीत दुसरं कोण बोलतंय?

तो आकडा त्यांच्या ओळखीचा होता. घरच्या इंटरनेटच्या जुन्या डब्यावर तो त्यांनी स्वतःच्या हातानं चिठ्ठीवर लिहून चिकटवला होता. नवा डबा आल्यावर बायको म्हणाली होती, जुना भंगारात द्या. यांनी दिला नाही. कधी कामाला येईल म्हणून केबिनमध्ये आणला आणि टेबलाखाली पाय ठेवायच्या स्टुलामागं नेटवर्कला जोडून टाकला. कशासाठी? दुपारी जेवताना फोनवर बुद्धिबळाचे डाव बघायला, कारण त्या कोपऱ्यात फोनला रेंज नसते. रोज जेवण झालं की डबा बंद करत, सकाळी यंत्रं सुरू होत तेव्हा तो झोपलेला असे. काल लवकर निघायच्या घाईत तो चालूच राहिला होता.

ते केबिनमध्ये गेले आणि गुडघ्यांवर बसले. स्टुलामागं हिरवा दिवा मजेत लुकलुकत होता. म्हातारा सर्व्हर आपली यादी बघून, खात्री करून, सावकाश उत्तर देणारा. आणि हा रिकामटेकडा डबा वायरीवर कुणी "माझा पत्ता काय?" म्हटलं की क्षणात पत्ता देऊन मोकळा. पुढची फाइल याच्याजवळ नाही, कधी नव्हतीच, पण ते विचारतोय कोण? जी यंत्रं याच्या तावडीत सापडली, ती याच्या शब्दावर विसंबून फाइलची वाट बघत बसली. सतराच्या जागेची वायर तर याच्या अगदी शेजारी, म्हणून तो दर खेपेला सापडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सर्वज्ञांनी वायर उपटली. दिवा विझला. त्या डब्याचा त्यांना राग येईना. इतकं घरचं माणूस त्यांना कधी भेटलं नव्हतं.

बाहेर येऊन त्यांनी पाचही यंत्रं पुन्हा सुरू केली. पत्ता दहानं सुरू झाला, पाठोपाठ फाइल आली, प्रश्नपत्रिका उघडली. दहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. सतरा नंबरनं यांच्याकडे न बघता लिहायला सुरुवात केली.

पर्यवेक्षक बाईंनी फॉर्म पुढं केला. "पाचही जणांची पंचवीस मिनिटं गेली. ती भरून द्यायची तर कारण आणि तुमची सही लागेल. कारण मी लिहिलंय, सफाईच्या वेळी वायर हलली. सही करा."

पेन यांच्या हातात होतं. खरं सांगायचं तर त्यांनी ते कागदाला टेकवलंही. सहीचं पहिलं अक्षर अर्धं निघालं. कुणाला कळणार होतं? बायकोला पंचवीस मिनिटं मिळाली असती आणि यांची अकरा वर्षांची वही निष्कलंक राहिली असती. एवढ्यात जिन्याखालून बादलीची कडी वाजली.

"हे कारण चुकीचं आहे," ते म्हणाले. "चूक माझी आहे. मी बाहेरचं उपकरण नेटवर्कला जोडलं होतं."

बाईंनी दारावरच्या लाल पाटीकडे बघितलं. मग खालच्या सहीकडे. मग दोन रेघांकडेही बघितलं, हे सर्वज्ञांना आजही आठवतं.

"साहेब, हे अवघड झालं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "चूक तुमची, आणि त्याच पाचांत तुमच्या घरचं माणूस. जादा वेळ मला एकटीला देता यायचा नाही. वर विचारते. कदाचित नाही म्हणतील."

"पाचही जणांना नाही?"

"पाचही जणांना."

त्यांची पाचावर धारण बसली. जरा थांबला असतास तर, असं मनात आलंच. माणूस एकदा खरं बोलतो आणि तेवढ्यात बायकोचं नुकसान होतं. खोटं बोललास तेव्हाही तिचंच झालं होतं! पण पेन हातातच होतं. त्यांनी सफाईची ओळ खोडली, वर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, आणि खाली सही केली. यावेळी रेघा ओढल्या नाहीत.

मग ते बाहेर जिन्याशी गेले. मावशी पायरीवर बसल्या होत्या.

"मावशी, चूक माझी होती. तुमचं नाव खोडलंय. मी उगाच तुमच्यावर ढकललं. माफ करा."

मावशींनी बादली बाजूला सरकवली. "बरं," त्या म्हणाल्या. "मग त्या निळ्या वहीतली जुनी पानंही बघा एकदा. मला वाचता येतं, साहेब."

सर्वज्ञ वही घेऊन बाकावर बसले. मावशींच्या सातही नोंदी काढल्या आणि एकेक आठवून बघितली. दोन खऱ्या असतील. उरलेल्या पाचांचं कारण त्यांना त्या दिवशीही माहीत नव्हतं, नुसतं रकाना रिकामा ठेवायची लाज वाटली होती. त्यांनी त्या पाचांवर काट मारली आणि पुढं लिहिलं, 'माहीत नाही'. लिहायला सोपं गेलं नाही. अक्षरही वळत नव्हतं, सवय नव्हती ना.

अकराला बाईंचा फोन झाला. वरून उत्तर आलं: पाचही उमेदवारांना पंचवीस मिनिटं द्यावीत, संबंधित तंत्रज्ञाला यापुढं परीक्षेच्या कामावर घेऊ नये. संबंधित तंत्रज्ञ म्हणजे आपण, हे समजायला सर्वज्ञांना वेळ लागला नाही. आणि समजल्यावर डोळ्यांत पाणी आलं ते त्या दुसऱ्या वाक्यामुळं नव्हे.

बारा वाजता एकोणीस जण बाहेर पडले. पाच जण आत. बारा पंचविसाला तेही आले. ती सगळ्यांत शेवटी आली. हातात पर्स, पाण्याची बाटली, आणि तर्जनीनं अंगठ्यावर काहीतरी दाबत होती, अजून बटण दाबत असल्यासारखी.

"शेवटचे सहा प्रश्न त्या पंचवीस मिनिटांत झाले," ती म्हणाली. "प्रत्येक पान जतन केलं. दोन-दोनदा."

"हो," हे म्हणाले.

"तो डबा कुठाय?"

यांनी पिशवी पुढं केली. तिनं आत डोकावून बघितलं, स्वतःच्या घरातली चिठ्ठी ओळखली, आणि पिशवी स्वतःकडे घेतली. भंगारवाल्याचं दुकान वाटेतच होतं.  डबा देऊन झाल्यावर ती दुकानाच्या पायरीवरच थांबली.

"अहो, होईन का हो मी पास?"

उत्तर आलंच होतं. होणारच, न व्हायला काय झालं, हे सगळं जिभेच्या टोकावर येऊन उभं होतं. सर्वज्ञांनी ते गिळलं. तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा दमलेला होता आणि ती खरंच विचारत होती.

"माहीत नाही गं," ते म्हणाले.

तिनं खांद्यावरची पर्स काढून त्यांच्या हातात दिली, तिला जड झाली की द्यायची तशी, तीन वर्षांपूर्वीपर्यंत.

"बरं वाटलं ऐकून," ती म्हणाली. "मागच्या वेळी तुम्हाला माहीत होतं."